वच्छलाच्या वजनाची फळी

सौंदडजवळच्या त्या गावात केशोराव मेश्रामांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याची फजिती ठरलेली. दाराला कडीच सापडायची नाही. उंबऱ्याजवळची खुंटी पायानं दाबली की दार उघडायचं, आणि पाहुणा आत येतो न येतो तोच दोरीला बांधलेल्या दगडाच्या भारानं धाडकन लागायचं. केशोरावांची उमर राइस मिलमध्ये फिटर म्हणून गेली. मिलनं मोडलं म्हणून फेकलेलं जे जे असेल ते ते त्यांच्या घरी येऊन पुन्हा कामाला लागायचं. चुलीला वारा घालायला सायकलच्या चाकाचा पंखा होता. खाटेवर पडल्या पडल्या कोंबड्यांचं खुराडं उघडायला तार होती. सगळंच साधायचं असं नाही. त्या पंख्यानं पहिल्याच दिवशी चुलीतली राख वरणात उडवली होती, आणि वच्छलाबाईंनी ते वरण मुकाट्यानं नवऱ्याच्याच ताटात वाढलं होतं.

फळीला मात्र गावात कोणी नावं ठेवली नाहीत.

रोवणीच्या दिवसांत वच्छला घरी यायची ती चिखलात गुडघ्यापर्यंत माखून. दिवसभर वाकून धान रोवल्यावर पाय धुवायला पुन्हा वाकायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. केशोरावांनी ते पाहिलं आणि आईची जुनी ढेकी बाहेर काढली. पायानं दाबून धान कांडायची ती ढेकी घरामागच्या सांदवाडीत नुसती पडून होती. तिच्या लांब लाकडाचं एक टोक त्यांनी मागच्या दाराशी आणलं आणि त्यावर फळी ठोकली. दुसरं टोक भिंतीपलीकडच्या छपरीत नेलं आणि त्याला धानाची चुंगडी, म्हणजे लहान पोतं, टांगली. फळीवर माणूस उभा राहिला की फळी खाली बसायची, चुंगडी वर उचलली जायची, दोरी ताणून वर ठेवलेल्या पाण्याच्या ड्रमाची तोटी उघडायची आणि पायांवर पाणी पडायचं. माणूस उतरला की पाणी बंद.

पण शेळ्या आणि शेजारची पोरं फळीवर नाचून ड्रम रिकामा करायला लागली. मग चुंगडी वच्छलाच्याच वजनाला जुळवायचं ठरलं. केशोरावांनी वच्छलाला मिलमधल्या धानाच्या काट्यावर उभं केलं.

"बायको विकून राहिले का जी केशोराव?" हमालांनी विचारलं.

ती पदराआड हसत उतरली आणि घरी येईपर्यंत रस्ताभर भांडली. तिच्या वजनाहून थोडं कमी असं धान त्यांनी चुंगडीत भरलं. घरचं वासाचं हिरानक्की धान होतं ते. चुंगडीचं तोंड तारेनं आवळून स्वतःची अशी एक गाठ मारली. ती दुसऱ्या कोणाला सुटायची नाही. त्या दिवसापासून फळी वच्छलाला ओळखायला लागली.

बरीच वर्षं ती अशी चालली. एका उन्हाळ्यात वच्छला मागच्या दारातून म्हणाली, "अजी, पाणी नाही पडून राहिलं तुमचं."

केशोराव छपरीत गेले. लाकूड ओलं झालं असेल, दोरी ताणली असेल, असं म्हणत त्यांनी गाठ सोडली, चुंगडीतून मूठभर धान काढलं आणि कोंबड्यांना टाकलं. फळी पुन्हा चालू झाली. काही दिवसांनी ती परत अडली. परत मूठ काढली. असं होता होता चुंगडी चांगलीच ढिली पडली, आणि दर वेळी पाणी पडलं की केशोराव तोंडभर हसायचे. दिवाळीच्या आधी वच्छला तापानं आडवी झाली. दवाखान्यात सांगितलं की आजार आतून जुना आहे, आणायला फार उशीर झाला. धान कापणीला यायच्या आत ती गेली.

केशोरावांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्यांच्या घरी तसलं काही कधी चाललंच नाही. पुढं मुलाचं, राजदीपचं, लग्न बुद्धवंदना घेऊन साधेपणानं झालं. तो गोंदियाला कामाला असायचा आणि रविवारी घरी यायचा. घरात केशोराव आणि सून रचना. रचनासाठी फळी चांगली चालायची. फक्त छपरीतल्या चुंगडीचं काहीतरी बिनसलं होतं. टळटळीत दुपारी, झाडाचं पान हलत नसताना ती हळूहळू झुलत असायची. उंदीर असतील म्हणून केशोरावांनी डब्याचा पिंजरा केला. त्यात एकही उंदीर अडकला नाही. मग त्यांना दिसलं की चुंगडी दिवसेंदिवस खाली उतरते आहे. दोरी लांबली, असं म्हणून त्यांनी ती आखूड केली. चुंगडी पुन्हा उतरली. छपरीत गेल्यावर आता त्यांच्या मानेवर काटा यायचा. आपल्याच छपरीत आपल्याला भ्यायला काय झालं, म्हणून त्यांना स्वतःचाच राग यायचा.

रचनाला सातवा महिना लागला होता. एका दुपारी ती मागच्या दारातून म्हणाली, "मामाजी, पाणी नाही पडून राहिलं."

केशोरावांच्या हातातला पाना खाली पडला. तेच शब्द, तेच दार. ते बाहेर आले तर रचना फळीवर उभी होती आणि फळी तसूभरही हलली नव्हती.

"थांब, जरासं धान काढतो," ते म्हणाले आणि छपरीत गेले.

गाठ त्यांचीच होती, तिला कोणी हात लावलेला नव्हता. पण चुंगडी गच्च भरली होती, पहिल्या दिवशी भरली होती तशी. त्यांनी तार सोडली आणि हिरानक्कीचा वास नाकात शिरला. ते धान या घरानं वच्छला गेल्यापासून पेरलंच नव्हतं. आणि जे मुठीमुठीनं काढलं होतं ते तर तेव्हाच कोंबड्यांनी खाल्लं होतं.

त्यांनी हात आत घातला. धान गार होतं, चिखलातून आलेल्या पायांसारखं. मूठ वळेचना. बोटांमध्ये दाणे असे दाटून बसले, जणू खालून कोणी तळव्याला तळवा लावून नको म्हणत होतं.

तिथंच, हात धानात असताना, केशोरावांना सगळं लख्ख दिसलं. फळी तेव्हाही बिघडली नव्हती. वच्छला हलकी होत चालली होती. फळी दर वेळी तेच सांगत होती, आणि आपण बायकोकडे पाहायचं सोडून धान काढत बसलो! शरमेनं ते जागच्या जागी खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.

मग डोळे पुसून ते रचनासमोर जाऊन उभे राहिले आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ओठ पांढरे पडले होते.

"तुले चक्कर येते का?"

"येते कधी कधी. पोटुशा बाईले येतच असते ना, मामाजी."

"चाल. दवाखान्यात जाऊ."

राजदीप फोनवर वैतागला. "बाबा, फळी अडली म्हणून कोणी दवाखान्यात नेते का?"

"मी नेतो," केशोराव म्हणाले आणि फोन ठेवला.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी रचनाचं रक्त तपासलं आणि तिला घरी सोडलंच नाही. अंगात रक्त उरलं नव्हतं. वजन वाढायच्या दिवसांत उतरलं होतं आणि पोटातलं बाळ वाढायचं थांबलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर दोघंही हाती लागली नसती, असं त्या म्हणाल्या. तेव्हा राजदीपनं बापाकडे पाहिलं. रचनाला रक्त चढलं, औषधं सुरू झाली आणि पुढं दिवस भरल्यावर मुलगी झाली. लहानखुरी होती, पण रडायला खणखणीत.

रचना बाळाला घेऊन घरी आली ती भर दुपारी. मागच्या दारानं ये, असं केशोरावांनीच सांगितलं होतं. चुंगडीतला एक दाणाही त्यांनी काढला नव्हता. ती होती तशीच भरलेली होती, अंगानं भरलेल्या वच्छलाच्या वजनाची. बाळंतपणानं वाळलेल्या रचनाच्यानं ती उचलणं शक्यच नव्हतं. म्हणून पाय धुवायला त्यांनी हातात पाण्याचा लोटा घेतला होता.

रचनानं फळीवर एक पाय ठेवला. फळी सावकाश खाली बसली. तोटी उघडली आणि पाणी आलं.

"मामाजी, तुम्ही पाय ठेवला का?"

"नाही," केशोराव म्हणाले. ते चार हात लांब, लोटा घेऊन उभे होते. "तू जा आत. पोरीले ऊन लागते."

रचना उतरून आत गेली. फळी वर आली नाही. पाणी पडतच राहिलं. दिवसभर रोवणी करून आलेल्या बाईला दोन्ही पाय घासून धुवायला लागतो, तेवढा वेळ ते पडलं. मग फळी हळूच वर आली आणि पाणी थांबलं.

घरातल्या कुठल्याही वस्तूनं नुसतं करकर केलं तरी पाना घेऊन धावणारे केशोराव जागचे हलले नाहीत. त्यांना भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त आनंद होत होता.

"वच्छला," ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दाराच्या खिळ्याला अडकवला आणि तिच्यासाठी वाट सोडून बाजूला उभे राहिले.