शिल्लकरावांचा संघ

बस आगाराच्या भांडारात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला शिल्लकराव हे नाव कुणी ठेवलं, ते आता कुणालाच आठवत नाही. पण ठेवलं ते चपखल. मेकॅनिकने चार वायसर मागितले की शिल्लकराव तीन काढून देत आणि चौथा जुनाच पुसून बसतोय का बघायला सांगत. बहुतेक वेळा तो बसतही असे, हेच मेकॅनिक मंडळींचं खरं दुखणं होतं. वर्षाच्या शेवटी मंजूर रकमेतले उरलेले पैसे ते मुकाट्याने परत करत. साहेब पाठ थोपटत, आणि पुढच्या वर्षी रक्कम तेवढीच कापत.

अशा माणसाचा रग्बीशी संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण त्यांची मुलगी परगावी दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी एका क्लबातून रग्बी खेळायची. क्लबातल्या बायकांनी मोबाइलवर एक खेळ सुरू केला होता. मोठ्या स्पर्धेतल्या खऱ्या खेळाडूंना त्यात किमती लावलेल्या. दर आठवड्याला प्रत्येकाला शंभर नाणी, तेवढ्यात पंधरा जणांचा संघ बसवायचा, आणि ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. दहावा भिडू मिळेना, म्हणून तिने वडिलांना ओढलं.

शिल्लकरावांनी संघ भांडाराच्या पद्धतीने निवडला. भांडारातल्या कोऱ्या कार्डांवर पंधरा खेळाडू उतरवले. कोण कितीदा जखमी झाला, कोण किती सामने बाहेर बसला, सगळं टिपलं. महागडा खेळाडू म्हणजे बाहेरून मागवलेला सुटा भाग, हे त्यांचं पक्कं मत: दिसायला देखणा, आणि मोडला की हात चोळत बसायचं. त्यांचा संघ श्याऐंशी नाण्यांत बसला. चौदा उरली, तेव्हा त्यांना बरं वाटलं. दर आठवड्याला असंच बरं वाटत गेलं आणि दर आठवड्याला ते दहांत दहावे आले.

गुरुवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, पुन्हा चौदा नाणी उरवलीत?"

"वाचवली."

"अहो, कुणासाठी? ती पुढच्या आठवड्यात मिळत नाहीत. दर शुक्रवारी सगळ्यांची पाटी कोरी."

"हा खेळ ज्याने काढला ना, त्याने जन्मात भांडार पाहिलेलं नाही."

ती हसली. मग म्हणाली, "परवा माझा शेवटचा सामना आहे. गुडघा आता बस म्हणतोय. डॉक्टरांनीही सांगून टाकलं. याल?"

अकरा वर्षं ती खेळत होती आणि त्यांनी एकही सामना पाहिला नव्हता. रजा होती, पण ती मोडायचं जिवावर यायचं. पुढच्या मोसमात नक्की, असं म्हणत अकरा मोसम गेले होते.

"बघतो," ते म्हणाले.

'बघतो' म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने वाद घातला नाही, रुसली नाही, "बरं" म्हणून फोन ठेवला. ते मात्र त्यांना फार लागलं.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते कार्डं मांडून बसले. पुन्हा श्याऐंशी. हाताशी त्यांचं स्वतःचं रजेचं कार्डही होतं. शिल्लक, दोनशे चौदा दिवस. निवृत्तीला पाच महिने राहिले होते, आणि एकशेवीसच्या वरच्या रजेचे ना पैसे मिळत, ना दिवस. हा नियम आस्थापनेतल्या कारकुनाने त्यांना तीनदा सांगितला होता; तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली होती आणि मोठ्या आकड्याकडे समाधानाने पाहिलं होतं. आज पहिल्यांदा त्यांना त्या आकड्याची लाज वाटली.

त्यांनी एकोणीस नाण्यांचा, सगळ्यांत महाग, दहा नंबरचा खेळाडू घेतला. आणखी दोन बदल केले. शंभरच्या शंभर संपवली. मग उठून कारकुनापुढे अर्ज ठेवला.

"सात दिवस?" कारकुनाने चष्मा काढला. "कोण गेलं हो?"

"सगळे धडधाकट आहेत. मुलीचा सामना आहे."

शनिवारी मैदानाच्या कडेला ते छातीशी बॅग धरून उभे राहिले. मुलगी पुढच्या फळीत खेळायची; दोन्ही बाजूंच्या बायका एकमेकींना भिडून रेटायला लागल्या की ती त्या ढिगात पार दिसेनाशी होई. चेंडू तिच्या हाती दोनदाच आला. ते मात्र ऐंशी मिनिटं हलले नाहीत. तिचा संघ हरला.

चिखलाने माखलेली ती लंगडत बाहेर आली. त्यांना पाहून तिथेच थांबली.

"तुमचा तो दहा नंबर," ती कसंबसं म्हणाली, "काल पाचव्या मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला."

"मी सांगतच होतो."

"आणि एवढी मोठी बॅग? सामना तर संपला, बाबा."

"सात दिवसांची रजा टाकलीय," शिल्लकराव म्हणाले. "उरलेली पुढे मिळत नाही ना."

त्यांनी बॅग खाली टेकवली. ती उचलायला मुलगी वाकली, पण गुडघा वाकेना. तेव्हा एक बंद तिने धरला, एक त्यांनी.