बॉनेटवर बसलेला अण्णा

शेवटची भेट रविवारची. गाडी त्याच्या दारात लावून मी आत गेले, तर अण्णा पुढच्या खोलीतल्या कॉटवर उशीला टेकून बसलेला. दोन महिन्यांच्या आजारपणात हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, चार शब्द बोलला तरी दम लागायचा. कसं वाटतंय विचारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग कधीपासून बोलतंय?" मी म्हटलं, मला तर काही ऐकू आलं नाही. "तुला नाहीच येणार. बदलून घे." एवढं बोलून त्याने डोळे मिटले आणि गालातल्या गालात हसला. बुधवारी सकाळी शाळेत हजेरी घेत होते, तर शिपाई बोलवायला आला. फोनवर सुनंदावहिनी होत्या. "शैलाताई, हे गेले..." दिवसकार्य आटोपल्यावर मी ते चाक काढून बघितलं. बेअरिंगच्या गोळ्यांना खरंच खळगे पडले होते. इतक्या दिवसांत रडू आलं नव्हतं, ते तिथे जमिनीवर बसून आलं, आणि रडता रडता हसूही आलं.

रघुनाथ हे त्याचं नाव, पण घरीदारी तो अण्णाच. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दिंडोरी रस्त्याला त्याचं वर्कशॉप होतं. द्राक्षबागायतदारांचे ट्रॅक्टर आणि फवारणीचे ब्लोअर तिथे दुरुस्तीला यायचे. छाटणी झाली की बाहेर रांग लागायची आणि अण्णाला जेवायची शुद्ध राहायची नाही. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर तो इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि वैद्याने नाडी बघावी तसा गप्प उभा राहायचा. मग म्हणायचा, "उघडू नका, नोझल साफ करा." आणि तेच निघायचं. लोकांना त्याच्या कानाचं फार कौतुक. डोळ्याचं मात्र कोणी बोलत नसे. त्याच्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून दिसत नव्हतं.

तो डोळा माझ्यामुळे गेला. मी सात वर्षांची असेन. विटीदांडूच्या खेळात मुलींना घेत नसत, अण्णाने मला घेतलं. माझ्या पहिल्याच टोल्याची विटी सरळ त्याच्या डोळ्यावर बसली. घरी त्याने सांगितलं, बोरीचा काटा लागला. वडिलांनी खोदून खोदून विचारलं, हा आपला बोरीच्या काट्यावरच ठाम. पुढे ओझरला विमानाच्या कारखान्यात लागायचं त्याच्या मनात होतं. लेखी परीक्षा पास झाला, हाताचं काम बघून साहेब खूश झाले आणि डोळ्यांच्या तपासणीत नाव कटलं. त्या संध्याकाळी तो घरी आला, जेवला आणि निजला. मी मात्र त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना त्याच्या खांद्याकडे बघायला लागले. ती सवय पंचवीस वर्षं टिकली.

गाडी आली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. एका बागायतदाराच्या खळ्यात ती कित्येक वर्षं उभी होती. कुठल्याशा सरकारी लिलावातली, चारही चाकांना ताकद जाणारी, उंच, बोजड गाडी. आता सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि टपावर घोसाळ्याचा वेल चढला होता. बागायतदार म्हणाला, "अण्णा, घेऊन जा बुवा, जागा तरी मोकळी होईल." अण्णाने ती ट्रॅक्टरला बांधून आणली. बॉनेट उघडल्याबरोबर आतून उंदरांचं बिऱ्हाड पळालं. वहिनींनी कमरेवर हात ठेवून सगळा प्रकार बघितला आणि म्हणाल्या, "घोसाळी तरी तोडून घ्या आधी. भजी करते."

दीड वर्ष तो त्या गाडीला लागला होता. इंजिन खाली उतरवलं, पिस्टन-रिंगा बदलल्या, गिअरबॉक्स उघडून एकेक चक्र रॉकेलने धुऊन वर्तमानपत्रावर मांडलं. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक जादा पट्टी घालून गाडी वीतभर उचलली. ओढ्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवा घ्यायची नळी थेट टपापर्यंत वर नेली. ती नळी फवारणीच्या ब्लोअरची, हे जवळ जाऊन वास घेतला की कळायचं. पुढच्या बंपरवर विहीर खणतानाच्या यारीचा ड्रम बसवला, त्यावर तारेचा दोर. गाडी अडकली की दोर झाडाला बांधायचा, हाताने ड्रम फिरवायचा आणि गाडीने स्वतःला ओढून काढायचं. हा त्याचा सगळ्यात लाडका शोध. रविवारी मी डबा घेऊन जायची आणि पाने हातात द्यायची. कुठला पाना कुठल्या नटाचा, हे मला भूगोलाच्या धड्यांइतकं पाठ झालं.

गाडी तयार झाली तेव्हा त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. मी एकोणचाळीस वर्षांची, अविवाहित, शाळेत भूगोल शिकवणारी बाई. सह्याद्री फळ्यावर शेकडो वेळा काढलेला, बघितलेला एसटीच्या खिडकीतून. सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला, "रस्त्यावर मी चालवीन. पण डोंगरात एका डोळ्याला खड्ड्याची खोली कळत नाही. तू बघ, मी ऐकतो."

उन्हाळ्यात सायखेड्याला गोदावरीच्या पात्रात माझी शिकवणी झाली. अण्णा समोर वाळूत उलटा चालत ओरडायचा, "क्लच हळू सोड... अगं, पिठात पाणी घालतेस तसा, थोडा थोडा!" धुणं धुणाऱ्या बायका हातातलं धुणं टाकून हसायच्या. महिन्याभरात मी वाळूत गाडी रुतवायला शिकले आणि दोन महिन्यांत काढायला. मग आम्ही पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरांत जायला लागलो. बैलगाडीची वाट दिसली की अण्णा म्हणायचा, "बघूया कुठं जाते."

अशाच एका फेरीत मंजुळाबाई भेटल्या. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या, पन्नाशीच्या, डोक्यावर नागलीचं पोतं. गिरणी खाली बाजाराच्या गावात, जायला दोन तास, यायला तीन. आम्ही त्यांना गाडीत घेतलं, दळण झाल्यावर वरही सोडलं. वाटेची शेवटची चढण मी पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने घेतली. मंजुळाबाई मात्र उतरल्या, गाडीला हात लावून म्हणाल्या, "गाडी इथवर आली, मंग गिरण नाय येणार?"

परतताना अण्णा प्रत्येक चढणीवर उतरून वाटेची रुंदी पावलांनी मोजत होता. गिरणी वर न्यायचं त्याने ठरवलंय, हे मला तेव्हाच कळलं. दिंडोरीतल्या एका गिरणीवाल्याने विजेची मोटर घेतल्यामुळे जुनं डिझेल इंजिन अडगळीत टाकलं होतं. ते आणि गिरणीचे दगड अण्णाने मागून आणले, दिवाळीपर्यंत दुरुस्त केले. खालच्या गावापर्यंत टेम्पो गेला. टेम्पोवाल्याने वर बघितलं, कानाला हात लावला आणि सामान उतरवून निघून गेला. दगड पहिल्या खेपेत चढले. दुसऱ्या खेपेत इंजिन मागे बांधलं, आणि निम्म्या चढणीवर मागचं उजवं चाक मुरमात गरगर फिरायला लागलं. माझ्या खिडकीखाली दरी होती.

अण्णाने उतरून तारेचा दोर वरच्या ऐनाच्या झाडाला बांधला आणि ड्रम फिरवायला घेतला. गाडी हातभर वर सरकली. मग कट्ट आवाज झाला. यारीचा दात तुटला होता. गाडी तेवढीच हातभर मागे आली आणि थांबली. पाड्यावरची माणसं धावत आली, चाकांमागे दगड लावले. अण्णा तुटलेला दात तळहातावर घेऊन उभा होता. इतका ओशाळलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

"इंजिन इथंच उतरवूया का?" मी विचारलं.

"गाडी तू चालवतेस," तो म्हणाला. "तू सांग."

मी खिडकीतून वाकून बघितलं. चाकाच्या मागे, दोनेक हातांवर, काळा कातळ जमिनीतून वर आलेला होता. चाक त्यावर आलं तर पकड मिळणार होती. पण त्यासाठी आधी गाडी दरीकडे मागे सोडायला हवी होती. मी सांगितलं तेव्हा अण्णाचा चेहरा उतरला. ती खोली त्याला दिसत नव्हती आणि कातळ काही वाजत नाही. तो म्हणाला, "बरं. पण पुढून हलकी होईल. वजन पाहिजे." आणि कोणी काही म्हणायच्या आत तो बॉनेटवर डाव्या बाजूला चढून बसला. तोंड माझ्याकडे, पाठ चढणीकडे, हात काचेच्या चौकटीला धरलेले.

"अण्णा, उतर!"

"घे मागं!"

लोकांनी दगड काढले. मी ब्रेक कणाकणाने सोडला. पुढची वाट पाहायची तर त्याचा चेहरा त्याच काचेत समोर. पंचवीस वर्षं चुकवलेला तो डोळा हातभरावर होता, आणि तो माणूस हसत होता. चाक कातळावर टेकलं. मी पहिला गिअर टाकला. गाडी गुरगुरली, थरथरली आणि चढायला लागली. बॉनेटवर अण्णा ओरडत होता, "सोडू नको! सोडू नको! अशीच घे!" वर सपाटीला पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तो खाली उतरला, पँट झाडली. बॉनेट चांगलंच तापलं होतं.

तिथेच, वाऱ्यात, मी त्याला म्हटलं, "त्या विटीपायी तुझं ओझर गेलं रे..." तो म्हणाला, "ओझर? अगं, तिथं लागलो असतो तर जन्मभर एकच पत्रा कापत बसलो असतो. आज असा बॉनेटवर बसलो असतो का?" हे खरं होतं की माझ्यासाठी होतं, मी कधी ठरवलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्याच्या खांद्याशी बोलायचं सोडलं.

गिरणी तिसऱ्या दिवशी चालू झाली. पहिलं पीठ मंजुळाबाईंनी ओंजळीत धरलं, कोमट होतं. त्याच्या भाकरी झाल्या, वर उडदाची आमटी. अण्णाने चार खाल्ल्या आणि नंतर तास दोन तास तो इंजिनाशेजारीच बसून होता, डोळे मिटून. मला वाटलं झोपला. तो ऐकत होता. पुढे कितीतरी वर्षं दर पावसाळ्याआधी आम्ही ते इंजिन बघायला जायचो. वाट सुधारली, पुढे खडी पडली, मग डांबर. अण्णा जरा खट्टू झाला. "आता काय, कोणीही जाईल," म्हणायचा.

वहिनी कधी आल्या नाहीत. त्यांना गाडी लागते, असं त्या सांगायच्या. गेल्या रविवारी वर्कशॉप आवरायला आम्ही दोघी गेलो. पाने, डबे, नळ्या लावून झाल्या. गाडी आवारात उभी होती. वहिनी तिच्याभोवती एकदा फिरल्या आणि म्हणाल्या, "शैलाताई, मला जमेल का हो?"

मी त्यांना स्टिअरिंगपाशी बसवलं. वहिनी ठेंगण्या, पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट पुढे घ्यायला मी खाली वाकले. ती सीट अण्णाच्या हातची, पट्टीला बोल्टने आवळलेली. त्याच्यासाठी एक जोडी भोकं आणि माझ्यासाठी दुसरी, एवढं मला माहीत होतं. कापडाने मळ पुसला, तर पुढे आणखी एक जोडी होती. आटे नीट पाडलेले, गंजू नये म्हणून ग्रीस भरलेलं. ग्रीस अजून मऊ होतं.

"वहिनी, अण्णाने तुम्हाला कधी विचारलं होतं?"

"दर दिवाळीला विचारायचे," वहिनी समोर बघत म्हणाल्या. "मी म्हणायची, पुढच्या वर्षी."

मी बोल्ट काढले, सीट पुढे सरकवली आणि आवळली. वहिनींनी पाय टाकला. बरोब्बर पोचला. दोनदा गाडी आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा हलली. पदर खोचलेल्या वहिनींनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून आवाराला एक फेरी घातली, मग दुसरी. मी म्हटलं, "वहिनी, पुरे आता, थांबवा."

त्या थांबल्या नाहीत.