रायपूरची गाडी

आमच्या साबणाच्या कारखान्यात कच्चा माल मागवणारे खरेदीवाले आणि तयार माल पाठवणारे डिस्पॅचवाले, असे दोघं एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून बसत. मध्ये माझं टेबल. दोन्ही बाजूंचं काम जुळवून घेण्यासाठी मला हंगामी नेमलं होतं. प्रत्यक्षात मी निरोप पोचवायची.

"मॅडम, त्याइले सांगा, तेलाचे पिंपं रस्त्यात ठेवू नका," डिस्पॅचवाले म्हणत.

खरेदीवाले हातभर अंतरावर. "सांगा त्याइले, रस्ता काही त्याइच्या बापाचा नाही."

मी हे शुद्ध मराठीत, बाप वगळून सांगायची.

तेलाचा ट्रक रायपूरहून येई. रिकामा झाला की ड्रायव्हर परतीचा माल शोधायला शहरात लकडगंजच्या ट्रक-दलालाकडे जाई. इकडे रायपूरला साबण पाठवायला डिस्पॅचवाले त्याच दलालाला फोन करत. दुपारी तोच ट्रक, वर दलाली लागून, आमच्याच फाटकातून पुन्हा आत येई. यात कुणाला वावगं वाटत नसे. खरेदीची गाडी खरेदीची, डिस्पॅचची डिस्पॅचची.

एका दिवाळीच्या तोंडावर दलालाकडे गाड्याच नव्हत्या. लकडगंजला पोचलेला ट्रक दुसराच कोणी उचले. साहेबांनी मला बोलावून इंग्रजीत विचारलं, रायपूरचा माल आजही निघाला नाही, तर तुमची जागा ठेवायची कशासाठी? मी 'येस सर' म्हटलं.

बाहेर आले तर तेलाचा ट्रक रिकामा होऊन वळत होता. दोघांमधून निरोप फिरवत बसले असते, तर तो गेला असता. मी सरळ फाटकात जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी बाजूला झाले नाही. तो हॉर्न वाजवत राहिला, तसे दोघंही बाहेर आले.

"मॅडम, गाडी काहून अडवून राहिल्या?" खरेदीवाले ओरडले.

"रायपूरचा साबण," मी म्हटलं. "यातच भरा."

"माह्या गाडीत साबण?"

"मंग काय वरात न्याची होती गा तुह्या गाडीत?" डिस्पॅचवाले थेट त्यांनाच म्हणाले.

खोकी चढेपर्यंत ते भांडत होते. हमाल कोणाचे, ताडपत्री कोणाची. संध्याकाळी ट्रक रायपूरला निघाला.

पुढे साहेबांनी मला कायम केलं. तोवर ते दोघं आपसातच भांडू लागले होते, आणि मधल्या टेबलावर मला फारसं काम उरलं नव्हतं.