फाटकाबाहेरची डाउफ्ये

मीरकूत फुटबॉल क्लबच्या फाटकावर आंबवलेल्या काकड्यांचं पिंप घेऊन बसणारी डाउफ्ये जिभेची भलती तिखट होती. "मागच्या रविवारी पाय घरीच विसरला होतास का रे?" असं ती खुद्द सेंटर फॉरवर्डला विचारायची, आणि तो मुकाट्यानं काकडी चावत आत जायचा. तिचा नवरा हार्तोग खेळाडूंचे बूट शिवायचा. मुलगा योनास तिसऱ्या संघाचा गोलकीपर. ॲमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीतले हिरे घासणारे, शिंपी, फेरीवाले डावीकडच्या स्टँडात गर्दी करायचे आणि बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळून रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

जर्मन आले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी चौकातून तरणी ज्यू पोरं उचलली, त्यात योनास होता. उन्हाळ्यात माउथहाउझेनच्या छावणीतून तो मेल्याची खबर आली. कारण काय, तर ऊन लागलं.

"घोड्यासारखा पोरगा माझा," हार्तोग म्हणाला, "ऊन लागून मेला म्हणे."

सप्टेंबरात क्लबच्या फाटकावर पाटी आली: ज्यूंना बंदी. ती ठोकत होता मैदानाचा राखणदार हार्मेन. डाउफ्ये बघत उभी राहिली.

"वरून हुकूम आहे, बाई," तो मागं न बघताच म्हणाला.

"तिरकी झालीय. सरळ कर. आम्हाला नीट वाचता आली पाहिजे."

त्यानं सरळ केली.

काही रविवार हिरेवाले समोरच्या फुटपाथवर उभे राहून, आतल्या गलक्यावरून गोल कुणी मारला ते ओळखायचे. पुढं तेही येईनासे झाले. ज्यूंना धरून छावण्यांत नेत होते; गल्लीतली घरं एकामागून एक ओस पडू लागली.

एका संध्याकाळी हार्मेनच दारात उभा राहिला. "फ्रीसलँडला माझ्या बहिणीचं शेत आहे. लपायला जागा आहे, पण एकाचीच."

"ही जाईल," हार्तोग म्हणाला.

"मी नाही जायची तुम्हाला सोडून!"

"गप्प बस. मी मोची माणूस. बूट तर सगळ्यांचेच फाटतात, माझं कुठंही भागेल."

ती गेली. हार्तोगला सोबिबोरच्या मृत्युछावणीत नेलं. तिथून तो आला नाही.

युद्ध संपल्यावर डाउफ्ये परतली. तिच्या घरात परकी माणसं राहत होती. एक खोली बघून, पिंप मिळवून ती पुन्हा फाटकावर बसली.

"अगं, होतीस कुठं इतकी वर्षं?" क्लबच्या सेक्रेटरीनं विचारलं. "आमचेही हाल कुत्र्यानं खाल्ले नाहीत बघ. ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले!"

"बाधले तर नाहीत ना?" ती म्हणाली.

डावीकडचा स्टँड भरलेला होता. नावानं हाक मारावी असं त्यात कुणीच नव्हतं.

हार्मेन बाहेर आला. "आत ये की. तुला कोण तिकीट विचारतंय?"

"नको."

"माझ्यामुळं?"

तिनं हात पुसले. "तू माझा जीव वाचवलास, ते रोज आठवतं. पाटी तू ठोकलीस, तेही रोज आठवतं. दोन्हीचं काय करू, तूच सांग."

 हार्मेन आत निघून गेला.

त्यानंतर ती कितीतरी वर्षं तिथंच बसली. काकड्या चांगल्या खपायच्या, पण तोंडाचा पट्टा बंद झाला होता. नवी पोरं तिला मुकी म्हातारी म्हणत. शिट्टी वाजून खेळ सुरू झाला, की ती सामान आवरून घाईघाईनं निघून जायची. आतला गलका तिला ऐकवत नसे.