नळाला आणि उद्या

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "आता यांना लांब मुक्कामाच्या रुग्णालयात हलवा," तेव्हा मी सरळ भांडले. न्यूमोनिया होऊन आमचे हे तीन आठवडे आयसीयूत होते. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, नळी व्हेंटिलेटरला जोडलेली. असा माणूस हलवायचा म्हणजे काय? मला वाटलं, झालं, डॉक्टरांनी हात टेकले.

हडपसरच्या त्या नव्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवून आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "काकू, जीव त्यांनी वाचवला. आता मशीन सोडवायचं काम आमचं. आज दहा मिनिटं मशीनशिवाय, उद्या वीस. मध्ये ताप आला की पुन्हा पहिल्यापासून. इथे दिवस मोजू नका, आठवडे मोजा. काहींचं मशीन सुटतं, काहींचं नाही सुटत. खोटं मी बोलणार नाही." मला बाई आवडल्या. फार गोड बोलणाऱ्यांचा मला लहानपणापासून संशय येतो.

त्यांनी घरून यांचा चष्मा, घड्याळ आणि कॅलेंडर आणायला सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, हातपाय हलवायचे, आणि मुख्य म्हणजे पेशंटनं जागं राहायचं. झोपलेला माणूस श्वासाचा सराव काय कप्पाळ करणार? आणि तिथेच घोडं अडलं. हे डोळेच उघडेनात.

"ओळखीच्या आवाजात हाक मारा," वॉर्डातली सिस्टर म्हणाली. ती यवतमाळकडची. मी मारली, "अहो! अहो, ऐकलंत का?" शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी डोळे उघडले. समोरच्यांनी मान वळवली. दारावरून जाणारे एक गृहस्थसुद्धा थबकले. वॉर्डातले सगळे नवरे जागे झाले, माझा सोडून.

"काऊन हो काकू, नाव घ्या ना! अहो तर सगळेच असते."

नाव! बेचाळीस वर्षं संसार केला, पण यांचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेही लग्नात. नुसतं नाव काही तोंडातून फुटेना. म्हटलं, उखाणा तर उखाणा. सुचेल ते ठोकून दिलं:

"खडकवासल्याचं पाणी येतं पुण्याच्या नळाला,
अमुकरावांनी डोळे उघडावेत आज नाहीतर उद्या!"

अमुकराव म्हणजे हेच. खरं नाव इथे लिहायची नाही, तेव्हा घेतलं तेवढं पुरे.

सिस्टर पोट धरून हसली. आणि यांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी ओळखते. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. लोकांच्या लग्नात जेवायचं सोडून पत्रिकेतल्या चुका दाखवणारा माणूस! आठीमागोमाग डोळे उघडले. मी सगळ्यांदेखत भोकाड पसरलं.

चष्मा चढवल्यावर यांनी पहिलं काम काय केलं, तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'शांतता पाळा'मधला अनुस्वार भलत्याच अक्षरावर बसला होता. सिस्टरनं तो पेनानं सुधारला, तेव्हा कुठे स्वारी श्वासाच्या सरावाला तयार झाली.

दहाची वीस मिनिटं झाली, विसांचा तास झाला. मग ताप आला आणि चार दिवस पुन्हा शून्य. त्या चार दिवसांत मी देवालाही बोलले आणि डॉक्टरीणबाईंनाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे सांगितलं होतं ना, काकू?" सांगितलं होतं खरं. मग मीही मुकाट्यानं नळी साफ करायला शिकले. पहिल्यांदा तर हेच खुणेनं मला धीर देत होते.

सहाव्या आठवड्यात मशीन दिवसभर बंद राहायला लागलं. आता राहिला आवाज. नळी असली की आवाज फुटत नाही, त्यावर एक छोटी झडप बसवून बघायची असते. "लगेच येईलच असं नाही," बाई म्हणाल्या. खरं सांगते, मशीनपेक्षा मला याचीच भीती जास्त होती. घरात उठता बसता टोमणे मारणारं तोंड कायमचं गप्प झालं, तर मी भांडायचं कोणाशी?

झडप लावली. हे खोकले, घरघरले. मग एकेक शब्द बाहेर आला.

"नळाला... उद्या... यमक... जुळत नाही."

"अरे देवा! इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, ते चुका काढायला?" मी डोळे पुसत ओरडले. "मग तुम्ही जुळवा! घ्या माझं नाव उखाण्यात!"

यांनी डोळे मिटून श्वास गोळा केला. सिस्टर हातातलं काम टाकून उभी राहिली. उखाणा काही आला नाही. यांनी नुसतं माझं नाव घेतलं, खरखरीत आवाजात, यमकाबिमकाशिवाय.

बेचाळीस वर्षं 'अगं' ऐकत आलेल्या मला आधी कळलंच नाही, हाक कोणाला मारली ते. मग कळलं, आणि मी ओ दिली.