शिशाचं वजन, तर्जनी आणि येलदरी

रत्नागिरीचं तिकीट काढून झालं होतं, पण समुद्रावर एकट्याला गळ टाकता येईल की नाही, याची खात्री नव्हती. म्हटलं, आधी येलदरी धरणावर जाऊन बघू. जमलं तर कोकण, नाहीतर तिकीट रद्द. बेत मूळचा दोघांचा, माझा आणि बायकोचा. मंगल गेल्या पावसाळ्यात वारली. तेव्हापासून घरात बोलणारा मीच आणि ऐकणाराही मीच.

पूर्णेहून सकाळच्या गाडीने परभणी, तिथून जिंतूरची एसटी. माझी लांबलचक काठी बघून कंडक्टर म्हणाला, "काका, तंबूचा बांबू न्यायलाव का?"

"मासे धरायची काठी आहे."

"मग मासे कुठं हायत?"

"तेच बघायला चाललोय."

बोरीपर्यंत सगळी बस या उत्तरावर हसत होती, मीही हसलो. बरं वाटलं. जिंतूरच्या स्टँडवर मुरमुऱ्यांचा गरम सुशीला खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. येलदरीला काळीपिवळी मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. काठावर मासेमारीवाल्यांना विचारूनच बसा.

आता कामाचं. लांब फेकायला जड शिसं लागतं. फेकताना नायलॉनचा दोरा तर्जनीवर अडकवून धरायचा आणि ऐन झोक्यात सोडायचा. तेवढ्या क्षणात सगळं वजन त्या एका पेरावर येतं. दोरा बारीक असेल तर बोट सुरीने कापावं तसं कापतो. म्हणून पुढचा तुकडा जाड दोऱ्याचा जोडा आणि बोटाला चामडं बांधा. घरात एकटे असाल तर जास्तच जपा. उजवी तर्जनी कापली, तर भाकरी थापायलासुद्धा दुसरं कोणी नाही.

चामड्याची पट्टी मी नेली होती. पूर्वी ती मंगल बांधायची. पण उजव्या बोटाला डाव्या हाताने गाठ मारून बघा एकदा! दातांत टोक धरलं, गुडघ्यात धरलं, गाठ काही बसेना. शेवटी सायकलच्या ट्यूबचं कडं चढवलं. आमच्याकडे कापूस वेचताना बाया बोटांना तसंच चढवतात. गाठीची कटकट नाही. मोठ्या तोऱ्यात काठी फिरवली. रबराने दोरा धरून ठेवला, सोडलाच नाही, आणि शिसं माझ्या पायापासून हातभर अंतरावर चिखलात धप्पकन घुसलं.

मेंढरं पाजायला आलेले एक म्हातारबाबा हे बघत उभे होते. त्यांनी रामराम घातला, मी जयभीम घातला.

"पाव्हणं, पाय फोडून घेताव की!"

मी पट्टी पुढे केली. "बाबा, जरा गाठ मारता का?" एवढं विचारायला मला जीभ रेटावी लागली. मंगल गेल्यापासून कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"आणा हिकडं. एकटंच आलाव व्हय?"

"हो. एकटाच."

त्यांनी पट्टी बोटाभोवती दोनदा फिरवली. लय पक्की गाठ मारली, मेंढरांना बांधतात तशी. पुढचा झोका सरळ गेला. शिसं इतकं लांब पडलं की आवाज उशिरा आला. बाबा "वा रं!" म्हणाले आणि मेंढरांमागे निघून गेले. मासा एकही लागला नाही, पण दुपारभर फेकत राहिलो. बोटावर ओरखडासुद्धा नव्हता.

संध्याकाळी घरी परतलो. चामडं भिजून आवळलं होतं, कात्रीने कापावं लागलं. एका हाताने चढवता येईल असं लवचिक चामडी टोपण बाजारात मिळतं म्हणतात. तुम्ही तेच घ्या, मीही घेईन. तिकीट मी रद्द केलेलं नाही.

मंगल गाठ मारून झाली की माझं बोट दोन बोटांत धरून विचारायची, "लय आवळली न्हाई ना?" मी दर वेळी वैतागून नाही म्हणायचो. आज बोट खरंच दुखत होतं, आणि विचारायला कोणी नव्हतं.