दोन जावांची भिंत

सारंगखेड्याच्या रस्त्याने जाताना कुठे नव्या गिलाव्याचा ओला वास आला, की मला त्या दोन विधवा जावा आठवतात. त्यांच्या घरांच्या मध्ये शेणामातीने सारवलेला, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कुड होता आणि चुलीजवळ त्याला हात जाईल एवढं भोक. त्यातून इकडचा विस्तव तिकडे जाई, गरम भाकरी जाई; थोरलीला दमा होता, रात्री तिला धाप लागली की धाकटी ते ऐकून पाणी तापवून धावत जाई. दोघींना घरकुलं मंजूर झाली, एकाला एक लागून, मधली भिंत सामाईक. मी त्या कामावरचा अभियंता. धाकटी म्हणाली, “साहेब, भितमा येवढंसं भोक राहू द्या.” मी हसून म्हणालो, “आजी, नकाशात नाही ते. माझी नोकरी जाईल.” “तुमनी नोकरी काय त्या भोकमा दडेल शे?” तिने विचारलं, तसे गवंडीही हसले. दोन विटा कमी लावल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं, पण मी भिंत पुरती बंद करून घेतली. त्याच हिवाळ्यात थोरली गेली. सकाळी दार तोडावं लागलं. मी गेलो तेव्हा धाकटी आपल्या घरात त्याच भिंतीला टेकून बसली होती. “तिनी हाक मारी व्हई, साहेब,” ती म्हणाली, “माले ऐकूच उनं नही.” आता घरांचे नकाशे मंजुरीसाठी माझ्याकडेच येतात. सामाईक भिंतीवर मी पेन्सिलने एक लहानसा चौकोन काढतो, थोडा वेळ पाहत बसतो आणि सही करण्याआधी खोडून टाकतो.